अल्बमचे वेष्टन : लग्नपत्रिकेच्या छापखान्याला मिळू शकणारे काम

जळगावच्या गोलाणी मार्केटपासून जवळच असलेल्या एका छापखान्यात काही दिवसांपूर्वी एक तरुण आला. गिटार घेऊन एकटाच गातो, थोडे मराठीत, थोडे अहिराणीत. घरीच सहा गाणी ध्वनिमुद्रित केलेली. त्याला तीनशे सीडींसाठी पुठ्ठ्याची पाकिटे, पन्नास पोस्टर आणि कार्यक्रमाची तिकिटे हवी होती. छापखानेवाले आमच्या परिचयाचे, वीस-पंचवीस वर्षे लग्नपत्रिका छापणारे. त्यांनी मुलाचा फोटो घेतला, इंटरनेटवरून सूर्यास्ताचे एक चित्र उतरवले, त्यावर सोनेरी छटेची अक्षरे टाकली, कोपऱ्यात दोन गुलाब ठेवले आणि तासाभरात नमुना तयार केला. मुलगा नमुना घेऊन गेला तो परत आला नाही. पुढे कळले की त्याने ते काम पुण्यात करून घेतले आणि आमच्या परिचितांनी सांगितलेल्या दराच्या दुपटीहून जास्त पैसे मोजले.

छापखान्याच्या मालकांना राग आला होता. "स्वस्तात देत होतो, तरी गेला," ते म्हणाले. आम्हाला मात्र वाटले की हा प्रकार नीट तपासून पाहावा. लग्नपत्रिकेचे काम मोबाईलवरच्या निमंत्रणाने कमी केले, पेंटरचे काम फ्लेक्सने नेले, कॅसेटचे दुकान तर केव्हाच मिटले. अशा वेळी दुप्पट दर द्यायला तयार असलेले गिऱ्हाईक आपल्या दारातून परत जाते, याचे कारण शोधायलाच हवे. म्हणून आम्ही जळगाव आणि धुळे येथील काही छपाईवाले, डबी-खोके बनवणारे, स्क्रीन प्रिंटिंग करणारे आणि एक वृद्ध कातिब यांना भेटलो.

आधी एक खुलासा. गाण्या-बजावण्याविषयी आमच्या वाचकांची मते सारखी नाहीत, हे आम्ही जाणतो. तो वाद या पानाचा नाही. नातच्या सीडीला, अहिराणी गाण्याला आणि गिटारवाल्याच्या अल्बमला लागणारे पाकीट एकाच पुठ्ठ्याचे असते. कोणाचे काम घ्यावे हे ज्याने त्याने ठरवावे. येथे बोलायचे आहे ते कारागिरीचे आणि हिशेबाचे.

'अल्बम' हा शब्द मुळात बाईंडिंगवाल्यांचाच आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-चार मिनिटांचेच गाणे मावत असे. मोठी रचना चार-पाच तबकड्यांत विभागावी लागे आणि त्या तबकड्या फोटोच्या अल्बमसारख्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत ठेवून विकल्या जात. ती वही म्हणजे अल्बम. बाहेरून ती बहुधा साधी, एका रंगाची असे. १९४० च्या सुमारास अमेरिकेतील कोलंबिया कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइस या विशीतल्या चित्रकाराने मालकांना पटवले की प्रत्येक अल्बमवर त्या संगीताला शोभेल असे चित्र हवे. तेव्हापासून वेष्टन हाच मालाचा चेहरा झाला. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली आणि चित्राला सुमारे साडेबारा इंचांचा चौकोन मिळाला. १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली आणि तो चौकोन आक्रसून तळहाताएवढा झाला. १९८२ च्या सीडीने त्याला पुन्हा पाच इंचांजवळ नेले. आता मोबाईलवर गाणे ऐकणारा माणूस तेच चित्र अंगठ्याच्या नखाएवढे पाहतो.

आपल्याकडे १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि खानदेशात एसटी स्टँडच्या आसपास, आठवडे बाजारात कॅसेटची दुकाने उभी राहिली. कव्वाली, नात, भजन, अहिराणी गाणी, सगळे एकाच फळीवर. त्या कॅसेटच्या आतला कागद, ज्याला सगळे इनले म्हणत, तो चार इंच उंच आणि समोरून अवघा अडीच इंच रुंद. त्यात गायक, संगीतकार, निर्माता, कधी निर्मात्याचे काकासुद्धा कोंबलेले असत. तो कागद आमच्या ओळखीच्या अनेकांनी छापला. त्यामुळे हे काम आपल्याला अगदीच नवे नाही. फक्त गिऱ्हाईक बदलले आहे. तेव्हा काम कंपनी देई आणि हजारांच्या हिशेबात देई. आज काम घेऊन येतो तो एकटा गायक, त्याला दोनशे-तीनशे नग हवे असतात, आणि पैसे त्याच्या स्वतःच्या खिशातले असतात.

या एकट्या गायकाची गोष्ट समजून घ्यायची असेल तर गोव्याच्या रेमो फर्नांडिस यांच्याकडे पाहावे. लकी अली यांचे 'सुनोह' (१९९६) अनेकांना आठवत असेल. पण त्यांच्यामागे कंपनी होती, चित्रीकरण मिसरच्या पिरॅमिडपर्यंत गेले होते. रेमो यांच्याजवळ तसे काहीच नव्हते. १९८४ मध्ये त्यांनी शिवोली गावातील आपल्या घरी, चार ट्रॅकच्या छोट्या कॅसेट यंत्रावर 'गोवन क्रेझी' हा अल्बम केला. गीते त्यांची, आवाज त्यांचा, वाद्ये त्यांनीच वाजवलेली. कॅसेटचे मुखपृष्ठ आणि पोस्टरही त्यांनी स्वतःच रेखाटले. मग स्वतःची छोटी कंपनी काढून, पिवळ्या स्कूटरवर कॅसेटी लादून ते दुकानोदुकानी फिरले. मोठ्या कंपन्या त्यांच्याकडे नंतर आल्या, आणि २००७ मध्ये पद्मश्री मिळाली तीही त्यानंतरच.

यात आमच्या वाचकांनी लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. रेमो यांनी मुंबईच्या सर ज. जी. महाविद्यालयात वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले होते. हातात रेघ होती, म्हणून ते स्वतः काढू शकले. प्रत्येक गवयाच्या हाती रेघ नसते. ज्याच्या हाती नाही तो कोणाकडे तरी जाणारच, आणि तो 'कोणी तरी' धुळ्यात किंवा जळगावात का असू नये?

जळगावच्या त्या मुलाला आम्ही गाठले. नाव छापू नये अशी त्याची इच्छा आहे. त्याने सांगितले ते आम्ही थोडक्यात देतो. त्याच्या गाण्यांत विहीर आहे, केळीची बाग आहे, रात्रीची वीज येण्याची वाट पाहणारा बाप आहे. यंत्राचा गोंगाट नाही, फक्त लाकडी गिटार आणि आवाज. छापखान्यात त्याला कोणी "गाणे कशाचे आहे?" असे विचारलेच नाही. पुण्याच्या माणसाने आधी गाणी मागून घेतली, ऐकली, मग तपकिरी क्राफ्ट पुठ्ठ्यावर एका रंगात विहिरीच्या रहाटाची रेघ काढून दिली. बस्स, एवढेच.

म्हणजे ज्याला दुप्पट पैसे मिळाले त्याने शाई कमी वापरली, रंग कमी वापरले आणि पुठ्ठा साधा घेतला! दर मिळाला तो ऐकून घेण्याचा.

आमच्या छपाईवाल्यांना हे पचवणे जड जाते, कारण आपला सगळा धंदा भरगच्चपणावर उभा आहे. पत्रिकेत जितकी सोनेरी वर्ख, जितके फुगीर अक्षर, तितके गिऱ्हाईक खूश. पत्रिकेला ते योग्यच आहे. परंतु एका वाद्यावर गाणाऱ्या माणसाच्या अल्बमला तोच साज घातला तर साध्या फकिराला नवरदेवाचा शेरवानी घातल्यासारखे दिसते. माल काय आहे त्याप्रमाणे वेष्टन, हा नियम आपल्याच गल्लीतला अत्तरवाला जाणतो. तो खसची कुपी आणि गुलाबाची कुपी एका खोक्यात देत नाही.

आता कामाच्या बाजूकडे वळू. जळगाव-धुळ्यात १८ बाय २३ इंचांचा ताव सर्वांच्या परिचयाचा. सीडीचे साधे पाकीट म्हणजे पाच इंचांचे दोन चौकोन शेजारी शेजारी आणि वर-खाली चिकटवण्याच्या पट्ट्या. कापण्याची जागा धरून साधारण सव्वादहा बाय सव्वासहा इंच. अशी चार पाकिटे एका तावात बसतात. तीनशे पाकिटांना ७५ ताव, वर वेस्टेज. कॅसेटचा इनले घेतला तर एका तावात वीस निघतात, म्हणजे तीनशेला अवघे पंधरा ताव. (कॅसेट कोण घेते असे वाचक विचारतील. हौसेने घेणारे आहेत, आणि गायक कार्यक्रमाच्या दारातच ती विकतो.) चार पाकिटे बसवल्यावर तावाची साडेपाच इंचांची पट्टी रिकामी राहते. ग्रिपरची जागा सोडून तीत कार्यक्रमाची तिकिटे किंवा वाचनखुणा सहज बसतात. गायकाला त्या तशाही हव्याच असतात, त्यामुळे त्या पट्टीचा पैसा सुटतो. ज्याने ही पट्टी कचऱ्यात टाकली त्याने आपला नफा टाकला.

पण पंचाहत्तर तावांसाठी ऑफसेट लावणे परवडते काय? चार रंगांच्या चार प्लेट, यंत्र जुळवणे, पहिले शंभर ताव रंग बसेपर्यंत वाया. खर्च तेथेच होतो, छापण्यात नव्हे. म्हणून इतक्या लहान कामाला दोनच वाटा आहेत. एक म्हणजे डिजिटल छपाई. दुसरी, आणि आमच्या मते अधिक कमाईची, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंग. एक जाळी, एक रंग, हाताने ओढलेली शाई. क्राफ्ट पुठ्ठ्यावर पांढरा रंग हवा असेल तर साधी डिजिटल किंवा ऑफसेट छपाई तो देऊच शकत नाही, कारण तिच्या लेखी पांढरा म्हणजे कागदाची जागा. स्क्रीनवाला तो देतो. शाईचा थर बोटाला लागतो आणि घेणाऱ्याला वाटते की ही वस्तू कोणी तरी हाताने केली आहे. मोबाईलवर फुकट मिळणारे गाणे माणूस पैसे देऊन विकत घेतो ते याच हाताच्या कामासाठी. अमेरिकेत २०२२ मध्ये तबकड्यांच्या विक्रीची संख्या सीडीपेक्षा पुढे गेली, १९८७ नंतर प्रथमच. ज्यांच्या खिशात सगळे संगीत फुकट आहे असे लोक जाड पुठ्ठ्यातली वस्तू घरी नेत आहेत. तबकडीचे पाकीट मात्र आपल्या लहान यंत्रावर होणार नाही, दोन चौकोन मिळूनच पंचवीस इंच होतात. ते मोठ्या यंत्राचे काम.

धुळ्यात पाच कंदील भागाकडे एका स्क्रीन प्रिंटिंगवाल्याने आम्हाला दोन गोष्टी दाखवल्या. पहिली, घडीवर गडद रंग आला की तो तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. मिठाईचे खोके करणारा कोणताही कारागीर हे जाणतो, पण संगणकावर बसलेला मुलगा जाणत नाही. घडी पुठ्ठ्याच्या धाग्याच्या दिशेने घ्यावी, आधी क्रीझ मारावी आणि शक्य तर घडीवर रंगच ठेवू नये. दुसरी, संगणकाच्या पडद्यावर चमकणारा निळा आणि पोपटी कागदावर मळकट उतरतो, आणि रात्री काढलेला फोटो तर काळ्या डागासारखा छापला जातो. यासाठी एक नमुना खऱ्या पुठ्ठ्यावर काढून, गायकाला दिवसाच्या उजेडात दाखवून, मागे त्याची सही घ्यावी. सहीच्या नमुन्याअभावी झालेली भांडणे आम्ही स्वतः पाहिली आहेत.

अक्षरांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. धुळ्याचे जे कातिब आम्हाला भेटले त्यांचे वय सत्तरीच्या पुढे. तरुणपणी उर्दू पत्रिका आणि पोस्टर हाताने लिहीत. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या हस्ताक्षरावरून नूरी नस्तालीक हे यंत्राचे अक्षर झाले, १९९४ मध्ये इनपेज आले आणि किताबतीचे काम बघता बघता संगणकाकडे गेले. त्यांनी कलम बाजूला ठेवून किराणा दुकान टाकले. आम्ही त्यांना सांगितले की आज पुण्या-मुंबईत अल्बमचे नाव हाताने लिहून देणाऱ्याला वेगळे पैसे मिळतात, कारण संगणकाचे अक्षर सगळ्यांकडे एकच असते. त्यांना खरे वाटेना. मग त्यांनी बोरूने देवनागरीत एक शब्द लिहून दाखवला. नस्तालीकचा झोका देवनागरीच्या शिरोरेघेखाली असा उतरला होता की आमच्याबरोबरचा स्क्रीनवाला कागद हातातून सोडीना. असे हात खानदेशात आणखी किती घरांत रिकामे बसले असतील!

हे हाताचे अक्षर अंगठ्याच्या नखाएवढ्या चित्रातही टिकले पाहिजे. ऑनलाइन गाणे चढवताना साधारण ३००० बाय ३००० बिंदूंचे चौकोनी चित्र द्यावे लागते, पण पाहिले जाते ते टिकलीएवढे. तेव्हा नमुना प्रथम मोबाईलवर, हात लांब करून पाहावा. नाव वाचता आले तर पुढे जावे. हे चौकोनी चित्र गायकाला वेगळे करून द्यावे आणि त्याचे वेगळे पैसे घ्यावेत. आपले लोक ते 'सोबत फुकट' देऊन टाकतात.

जाहिरातीचेही तसेच. एकट्या गायकाला वर्तमानपत्राची अर्ध्या पानाची जाहिरात परवडत नाही आणि उपयोगाचीही नाही. त्याला हवे असते एकच चित्र, जे पाकिटावर, पोस्टरवर, तिकिटावर, कापडी पिशवीवर आणि मोबाईलवर सारखेच दिसेल. एकच जाळी पाकिटासाठी आणि पिशवीसाठी वापरली की खर्च वाटला जातो. कापडाचे माग चालणाऱ्या धुळ्यात पिशवीचे कापड शोधायला लांब जावे लागत नाही. शेजारच्या मालेगावात शेख नासिर आणि त्यांच्या सोबत्यांनी २००० मध्ये 'मालेगाव के शोले' तुटपुंज्या पैशात काढला, तो आधी गावातल्याच व्हिडिओ पार्लरमध्ये चालला, नंतर त्या सगळ्या खटाटोपावर २००८ मध्ये 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट निघाला आणि बाहेरच्या जगाला हे गाव ठाऊक झाले. गावातले लोक पहिले गिऱ्हाईक, हे त्यांनी ओळखले होते. गायकाचे पोस्टरही महाविद्यालयाच्या फलकावर, चहाच्या दुकानात, पुस्तकाच्या दुकानात मालकाला विचारून लावावे. भिंतीवर विनापरवाना चिकटवू नये. मालमत्ता विद्रूप करण्यास मनाई करणारा राज्याचा १९९५ चा कायदा आहे, आणि दंडाचा कागद गायकाबरोबर छापणाऱ्याच्याही दारात येऊ शकतो.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर तो पुरता सांगतो, कारण येथे आपल्या कारागिरांचे खरे नुकसान होते. तो इंटरनेटवरचा सूर्यास्त कोणी तरी काढलेला होता. कॉपीराईट कायदा, १९५७ च्या ६३ व्या कलमाप्रमाणे जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. नकली माल काढण्यासाठी प्लेट बाळगणे हाही ६५ व्या कलमाखाली वेगळा गुन्हा आहे. कॅसेटच्या जमान्यात नकली इनले छापून देणारे 'आम्ही तर फक्त छापतो' म्हणत. ते म्हणणे तेव्हाही कच्चे होते. शिवाय १९८४ च्या दुरुस्तीने ५२-अ हे कलम घातले. त्यानुसार ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर ते तयार करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्क ज्याचा आहे त्याचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष असलेच पाहिजे. नवख्या गायकाला हे ठाऊक नसते. पाकिटाच्या मागच्या बाजूला त्याची जागा आपणच राखून ठेवावी आणि त्याला मजकूर मागावा. असे केले की गिऱ्हाईकाला कळते की समोरचा माणूस या कामातला आहे.

हाच कायदा आपल्या बाजूनेही आहे. हाताने लिहिलेले अक्षर किंवा काढलेले चित्र हे कलाकृती ठरते. त्याचा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर १९ व्या कलमानुसार ते लेखी असावे लागते. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरते, असे कायदा धरतो. तेव्हा बिलाच्या पाठीमागे दोन ओळी लिहाव्यात : चित्र कशाकशावर वापरता येईल, आणि पाकिटावर चित्रकाराचे व अक्षर लिहिणाऱ्याचे नाव येईल. आमच्या लोकांना नाव मागण्याची लाज वाटते. पुढचे गिऱ्हाईक त्या नावावरूनच येते, ही साधी गोष्ट आहे. पैशांचे म्हणाल तर निम्मे आधी, उरलेले माल उचलताना. गायक मंडळी बहुधा प्रामाणिक असतात, परंतु कार्यक्रम झाल्यावर देतो म्हणणाऱ्याचा कार्यक्रम पावसाने रद्द होतो.

या कामाने कोणी एका वर्षात बंगला बांधणार नाही. तीनशे पाकिटांचे काम म्हणजे चार-पाच दिवसांची मजुरी आणि थोडा वरचा पैसा. जळगावात महिन्याला अशी दहा कामे येतील असे आम्ही म्हणत नाही. तथापि हेच हात, हीच जाळी, हाच पुठ्ठा गुळाच्या, मसाल्याच्या, केळीच्या वेफरच्या लहान व्यापाऱ्यालाही लागतो, आणि अल्बमचा एक चांगला नमुना काउंटरवर ठेवलेला असला तर तो व्यापारी दोनदा विचारतो.

जळगावच्या मुलाचे दुसरे काम आता निघाले आहे, चार नवी गाणी. आम्ही त्याला धुळ्याच्या स्क्रीनवाल्याचा पत्ता दिला. तो एसटीने गेला, दुकानात बसून चारही गाणी मोबाईलवर ऐकवली. नाव कातिबसाहेब लिहिणार आहेत. पहिल्या दोन नमुन्यांत अक्षर फार खाली झुकले म्हणून त्यांनीच ते फाडून टाकले. तिसरा सध्या दुकानातल्या दोरीवर चिमट्याला लावून सुकत आहे, आणि निम्मे पैसे जमा झाले आहेत.